आईंनी ठोकलेल्या खुंट्या

मार्चमध्ये जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरावरचं बर्फ वितळलं की आम्ही सोलर प्लांटवर जमीन मोजायला जातो. हिवाळाभर मातीतलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं आणि उताराची भुसभुशीत झालेली माती खाली घसरते. किती घसरली ते कळावं म्हणून सेंटीमीटरच्या रेघा मारलेल्या लोखंडी खुंट्या हिवाळ्याआधीच ठोकून ठेवतात. जेवढी खुंटी उघडी पडली, तेवढी माती गेली. त्या वर्षी हे काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर होतं, आणि माझा प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला परीक्षेचा काळ, संपत आला होता. रिपोर्ट जमला तर नोकरी कायम, नाहीतर रामराम.

नेमके तेव्हाच सासूसासरे पुण्याहून आलेले, आणि नवरा ड्युसेलडॉर्फला. "ऊन पिकवतात ते शेत आम्हालाही बघू दे की," आई म्हणाल्या. परवानगी काढून दोघांना घेऊन गेले. माकडटोपीवर हेल्मेट आणि साडीखाली गमबूट घालून सासूबाई अशा ऐटीत चालल्या की माझं हसू थांबेना.

आधी वरच्या टोकाला पॅनेलचे खांब तपासले आणि खाली आले, तर आई हात झटकत उभ्या. पायाशी भलाथोरला दगड.

"अगं, तुझ्या सगळ्या खुंट्या वर आल्या होत्या. ठोकून बसवल्या बघ नीट!"

अख्ख्या हिवाळ्याचं मोजमाप जमिनीत गेलं होतं. "अहो आई..." एवढंच तोंडातून निघालं, आणि रडायच्या ऐवजी मी खो खो हसायलाच लागले.

"हसतेस काय? ठोकायच्या आधी प्रत्येक खुंटीपाशी उभं राहून ह्यांच्याकडून फोटो काढून घेतलाय. घरच्या ग्रुपवर टाकायला!"

मी बाबांच्या हातून मोबाइल जवळजवळ हिसकावलाच. एकही खुंटी सुटली नव्हती. रेघा स्वच्छ दिसत होत्या, आणि प्रत्येकीशेजारी आई हसतमुख! मी दोघांना धरून त्या चिखलातच नाचले. "अगं, पडू आम्ही!" बाबा ओरडत होते.

कोलोनच्या ऑफिसात साहेबांना झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी फोटो मोठे करकरून माझे आकडे ताडून पाहिले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "नोकरी कायम. पुढच्या वर्षी बाईंना जरूर आणा, दगड मात्र देऊ नका."

धावत घरी येऊन सांगितलं. आईंनी माझ्या तोंडात साखर घातली, आणि मग एकदम कपाळाला हात लावला.

"साहेबांनी सगळे पाहिले? अगंबाई, एकात माझे डोळे मिटलेत!"