एक वाजून दहाचा स्क्रीनशॉट

अख्ख्या सेलूत साठी ओलांडलेल्या माणसांत कंप्युटरच्या पडद्याचा फोटो चार तऱ्हेनं काढता येणारा मी एकटाच. बाकीच्यांना त्याची गरज पडत नाही, ही गोष्ट वेगळी. आणि चारातल्या दोन तऱ्हा मी विसरलोय, तीही गोष्ट वेगळी.

शिक्षण सातवी. सातवी मला एवढी आवडली की तिच्यात तीन वर्षं काढली. मग जिनिंगमध्ये लागलो, तिथून रिटायर झालो, आणि आता पुतण्याची बायको शीतल हिच्या ऑनलाइन सेंटरमधल्या बाकावर दहा ते सहा ड्युटी करतो. पगार नाही, चहा दोनदा. जिनिंगमध्ये कापसाचे बारीक तंतू न बोलावता साठायचे, छतापासून चपलेपर्यंत. सेंटरमध्ये किस्से तसे साठतात. झटकले की दुसऱ्याच्या अंगावर बसतात, म्हणून तर झटकायचे.

*

पंडितराव आमच्या गल्लीतले बडे जमीनदार. कंप्युटरवर विश्वास नाही, स्वतःच्या मोबाइलवर गाढ श्रद्धा.

अर्ज भरून झाला. शीतल म्हणाली, "काका, स्क्रीनशॉट काढून देते."

"कशाला मशीनला तरास? माझा कॅमेरा लय भारी हाय."

मोबाइल पडद्यासमोर धरला, दोन पावलं मागं सरकले, श्वास रोखला आणि फोटो काढला. तोच ऑफिसात नेऊन दाखवला. क्लार्कनं उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

"पंडितराव, अर्ज कुठाय ह्याच्यात? मला ट्यूबलाइट दिसायलीय, आणि तिच्याखाली तुमच्या मिशा."

परत आल्यावर शीतलनं विचारलं, काय झालं?

"काही न्हाई. क्लार्क नवीन हाय."

*

मग शीतलनं त्यांना पाहिजे तेवढाच तुकडा कापायची युक्ती शिकवली. तीन बटणं एकदम दाबायची, पडदा धुकट होतो, माउसनं चौकट ओढायची, झालं. पंडितरावांना ही विद्या फार पसंत पडली. नको ते छाटायची सवय त्यांना बांधावर आधीपासून होतीच.

त्यांच्या पोराचं नाव कुठल्याशा परीक्षेच्या यादीत आलं. यांनी वरची नावं छाटली, खालची छाटली, पोराची ओळ तेवढी ठेवली आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'आमचे चिरंजीव यादीत सर्वांत वर.' अभिनंदनाची रांग लागली. पेढे घेऊन स्वतः सेंटरवर आले.

बाकावर माझ्याशेजारी वाघमारे गुरुजी असतात. रिटायर मास्तर. पेपर वाचायला येतात आणि तपासून जातात. त्यांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली, चष्मा लावला.

"पंडितराव, अभिनंदन. एकच शंका. सर्वांत वरच्या नावापुढं एक्केचाळीस आकडा का बरं?"

पंडितरावांनी पुडा मिटला. मला पेढा मिळायचा राहिला तो राहिलाच.

*

गुरुजींचाही किस्सा झटकतो, नाहीतर पक्षपात होईल.

शीतलच्या कंप्युटरवर दोन बटणं दाबली की पडदा क्षणभर अंधारतो आणि फोटो आपोआप जमा होतो. गुरुजींनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उडी मारून उठले. "लाइट चालली! व्होल्टेज पडतंय, मशीन जळेल!" आणि बोर्डावरचं मेन बटण बंद. कुणाचातरी अर्धा भरलेला अर्ज स्वर्गवासी.

आठवड्यात तीनदा असंच झालं. चौथ्या वेळी गुरुजी वळणदार अक्षरात वीज कंपनीकडं तक्रार लिहूनच घेऊन आले. शीतलनं हात जोडले.

"गुरुजी, ती लाइट न्हाई. फोटो निघाल्याची खूण हाय."

गुरुजींनी कागदाची घडी घातली. "फोटो काढताना उजेड पडतो, शीतल. अंधार पाडणारा कॅमेरा मी या वयात मान्य करणार नाही."

तक्रार त्यांनी दिलीच.

*

आता माझी पाळी.

शीतल एक वाजता जेवायला घरी जाते. दुकान माझ्या भरवशावर, म्हणजे बघा. एका दुपारी गुरुजी डुलक्या घेत होते. मी पडद्याचा स्क्रीनशॉट काढला आणि तोच पडद्याच्या पाठीमागं चित्र म्हणून लावला. खरी चिन्हं दडवली, खालची पट्टी दडवली. दिसायला सगळं जागच्या जागी, पण फोटोतल्या चिन्हावर कितीही टिचक्या मारा, हूं की चूं नाही. ही युक्ती मला शिकवली कुणी? शीतलनंच, हसत हसत; ती मला जमेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसावं. चोराला तिनंच कुलूप दाखवलं.

तीन वाजता शीतल आली. टिचकी मारली. परत मारली. मी पेपराआड तोंड घातलं.

तेवढ्यात सुनंदा खंदारे आली, कापडी पिशवीत पोरीची कागदपत्रं घेऊन. सुनंदा शाळेत खिचडी शिजवते. पोरीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. शेवटची तारीख तीच, वेळ पाचपर्यंत.

"बस ताई, जरा हँग झालंय," शीतल म्हणाली. बंद केला, चालू केला. जुनी मशीन, उठायला पाव तास. परत तेच. मेकॅनिकला फोन लावला, तो मानवतला होता. परत बंद, परत चालू. शीतलच्या कपाळावर घाम. पेपराआड मला हसू आवरेना. मग सुनंदाकडं नजर गेली. ती पिशवीचा बंद सोडत होती, बांधत होती, सोडत होती. माझं हसू तिथंच आटलं. पण कबूल करायला तोंड उघडतंय कुणाचं? आणि खरं सांगू, ते परत कसं घालवायचं हेच मला आठवेना.

सुनंदाला त्या पडद्यावरचं एकच कळत होतं, कोपऱ्यातलं घड्याळ. ती त्याच्याकडंच बघत होती.

"शीतलताई, मी आल्यापासून तुमच्या ह्याच्यात एक वाजून दहाच कसं काय वाजायलेत?"

शीतलनं माउस त्या घड्याळावर नेला. खालून खरी पट्टी वर आली. चार वीस.

शीतलनं माउस सोडला. मग सावकाश म्हणाली, "एक वाजून दहाला मी घरी जेवायलते. दुकानात कोण होतं?"

गुरुजी म्हणाले, "मी झोपलो होतो." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी झोपल्याचं कबूल केलं, तेही माझ्या विरोधात.

दोन टिचक्यांत शीतलनं सगळं जागेवर आणलं. साइट रडत रडत उघडली, ओटीपी दोनदा हरवला, फोटो मोठा आहे म्हणून फेटाळला. सुनंदा उभीच. चार त्रेपन्नला फॉर्म गेला. शीतलनं दोन बटणं दाबली, पडदा अंधारला. 'लाइट चालली' असं कुणी ओरडलं नाही.

पावती घेऊन सुनंदा गेली. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी म्हणालो, "सूनबाई, चेष्टा होती. झालं ना वेळेत? आता तरी हस की."

शीतल हसली.

"मामा, उद्यापासून तुमी नका येऊ. तुमी बाकावर बसलेला एक फोटो काढून भिंतीला लावते. दिसायला तुमीच, आणि कशालाच हात लावणार न्हाई."