धनीराम गुरुजींचं सारवण

भंडाऱ्यात विणकरांच्या गल्लीत एके काळी सकाळपासून मागांची खटखट चालायची. दारोदारी सुताला लावलेल्या खळीचा वास यायचा, आणि त्या आवाजात शेजाऱ्याशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागायचं. काय दिवस होते ते! सत्त्याहत्तर साल उजाडेपर्यंत निम्मी गल्ली मुकी झाली. सूत महागलं, लुगडी उचलणारा व्यापारी येईनासा झाला, आणि गल्लीतल्या खेमराज विणकरानंही माग सुटा करून ठेवून मागाची खोली भाड्यानं दिली.

पण विणताना पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा त्यानं बुजवला नाही. वर दोन फळ्या टाकल्या, बस्स. बरे दिवस आले की तिथंच पुन्हा माग उभा करायचा, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. लोक हसतील म्हणून कुणाला सांगितलं मात्र नाही. त्याची बायको सुमित्राबाई न सांगताच समजून होती.

भाडेकरू आला धनीराम गुरुजी. सानगडीचा, बिनलग्नाचा, रोज सायकलीनं पूल ओलांडून कारध्याच्या शाळेत जायचा. शिकवण्यात पटाईत, पण घर राखायच्या नावानं आनंदी आनंद. घरी आई आणि तीन बहिणी, तेव्हा या पठ्ठ्यानं जन्मात झाडू धरला नव्हता. चुलीतली राख चुलीपुढेच, कांद्याची टरफलं पायाखाली, भाताचं पातेलं परवाचं. जमिनीला सारवण नाही, नुसते पोपडे निघालेले.

आज खडसावतोच, असं खेमराज रोज ठरवायचा. पण तो स्वतः चौथीत शाळा सोडलेला. दारात उभं राहून "गुरुजी" म्हटलं की त्याचं अवसानच गळायचं. मग गुरुजीच कळकट कपातून चहा पुढे करायचा.

"अजी, बोलले का त्याले?" सुमित्राबाई विचारायची.

"चहा पेलो."

"मंग आता त्याचे भांडे बी घासून देऊन या!"

दसऱ्याच्या सुमारास त्या खोलीतून असा काही वास सुटला की खेमराज तडक आत शिरला आणि त्यानं फळ्या उचलल्या. खड्डा अर्धा कचऱ्यानं भरलेला. राख, पत्रावळी, शाळेचे फाटके कागद, विड्यांची थोटकंसुद्धा. त्याच्या बापानं आणि त्यानं त्या खड्ड्यात पाय सोडून आयुष्य काढलं होतं. त्याच्या डोक्यात सणक गेली.

"गुरुजी, हे का होय? उकिरडा समजले का तुमी याले?"

गुरुजी चाचरला. "काका, रिकामाच होता म्हून..."

"रिकामा काहून ठेवला ते..." खेमराजनं वाक्य तिथंच सोडून हातातली फळी आपटली. "दिवाईच्या आत हे समदं साफ करा. येथं येक काडी दिसली नाई पाहिजे मले! नाई तं खोली खाली करा!"

ते अर्धं वाक्य त्यानं पुरं करायला हवं होतं.

गुरुजी फार शरमला. पुढचे पंधरा दिवस त्याचं दार लोटलेलं असायचं आणि आतून काहीतरी ठोकल्याचा आवाज यायचा. गुरुजीला तोडून बोललो याची खेमराजलाही लाज वाटत होती, म्हणून तो तिकडे फिरकला नाही.

धनतेरसच्या सकाळी गुरुजीनं दोघांना हौसेनं बोलावलं. भिंतींना चुना लावलेला, भांडी लखलखीत. जमीन शेणानं सारवलेली, त्यावर बोटांच्या रेघा जरा वाकड्यातिकड्या. आईकडून शिकून आला होता. गडीमाणसानं ओणवं होऊन सारवलं होतं, आणि तेही गुरुजीनं!

खड्डा कुठंच नव्हता.

"येक बैलबंडी मुरूम आनला, काका. मीच चोपला." गुरुजीच्या तळहातांना फोड आले होते. "आता कचरा टाकाले जागाच नाई ठेवली!"

सुमित्राबाई जमिनीकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती. खेमराज जिथं खड्डा होता तिथं जाऊन उभा राहिला. पोरावर रागवावं तर कुठल्या तोंडानं? त्यानं सांगितलं त्याहून जास्तच केलं होतं बिचाऱ्यानं.

"लय साजरं सारवलं, गुरुजी," तो म्हणाला.

गुरुजी पुढं आठ वर्षं तिथं राहिला, लग्न होऊन त्याची बायकोही त्याच खोलीत आली. त्या खड्ड्याचं काय होतं, हे खेमराजनं त्याला कधीच सांगितलं नाही.

त्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर खेमराज नदीकडच्या राइस मिलमध्ये गेला. मिलचा मालक दोन वर्षांपासून त्याला कामावर बोलावत होता, आणि दर वेळी हा ऐटीत सांगायचा, "मले माझा माग हाये." या वेळी मालकानं बोलावलं नव्हतं. खेमराज आपणहूनच गेला आणि म्हणाला, "मालक, काई काम असन तं द्या."