आजीव सदस्यांचं मंडळ

शहाण्या माणसांनी एकत्र बसून केलेला वेडेपणा बघायचा असेल, तर आमच्या बाबांचं विज्ञान मंडळ बघायला हवं होतं. बऱ्हाणपुरातल्या शाळांमध्ये विज्ञान आणि गणित शिकवणारी दहा-बारा माणसं. रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत जमायची, आईच्या हातचा चहा प्यायची, आणि उन्हाळा लागला की धूलकोट-खकनारकडच्या गावांत जाऊन विहिरींत पाणी शुद्ध करायचं जांभळं औषध टाकायची. बाजाराच्या दिवशी लोकांना त्यांच्याच विहिरीच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकातून दाखवायची. कुणाकडून छदामही घ्यायचा नाही, हा मंडळाचा नियम.

वेडेपणा झाला तो सूक्ष्मदर्शक घेताना. पैसे कमी पडत होते. कुणीतरी सुचवलं की सगळ्यांनी आजीव सदस्य व्हावं, एकरकमी भरावं, पुन्हा म्हणून वर्गणी नाही. ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला. पितळी सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीतून घरी आला तेव्हा बाबांनी तो देवासारखा टेबलावर मांडला. पुढच्या वर्षी खजिनदार म्हणून बाबा वर्गणी गोळा करायला बसले, तर मागायची कुणाकडे? सगळ्यांनी जन्माची भरून टाकली होती. ठरावाच्या सभेला गणिताचे दोन मास्तर हजर होते, हे आई शेवटपर्यंत कुणाला विसरू देत नसे.

नागपूरहून, म्हणजे तेव्हाच्या आमच्या राजधानीतून, थोडं अनुदान यायचं, त्यात औषध आणि गाडीभाडं निघायचं. मग छप्पन साली राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, राजधानी भोपाळला झाली. अनुदान थांबलं आणि भोपाळहून हिंदीत पत्र आलं, की मंडळाची नोंदणी नव्याने करावी. मंडळाच्या तिजोरीत खडखडाट होता. सूक्ष्मदर्शक विकून टाकावा, असं एक-दोघं बोलूही लागले. त्या दिवसांत बाबा शाळेतून आले की चपला काढायच्या आधी ती लाकडी पेटी उघडून बघत. मला त्यांची फार दया यायची.

तोडगा आईनेच काढला. चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "नाहीतरी नवीन नोंदणी करायचीच आहे ना? मग जुनं मंडळ विसर्जित करा. त्याच्याबरोबर तुमची ती जन्माची सदस्यता गेली. नव्यात दर वर्षी पैसे भरा, चारचौघांसारखे."

सगळे एकमेकांकडे बघून कबूल झाले. अडलं एकाच ठिकाणी. बाबांना ज्यांनी शिकवलं ते गुरुजी सिंधीपुऱ्यात राहत. नोकरीतून निवृत्त होताना हाती आलेल्या पैशांतून त्यांनी आजीव सदस्यता घेतली होती. आता ते दम्याने अंथरुणाला खिळले होते आणि सदस्यतेचा कागद चौकट करून खाटेसमोर टांगलेला होता.

"कोणत्या तोंडाने सांगू त्यांना?" बाबा म्हणाले. गुरुजींचा माझ्यावर जीव होता, म्हणून मला सोबत घेतलं.

तिथे बसल्यावर बाबा केळीच्या भावावर बोलले, तापीच्या पाण्यावर बोलले. मूळ मुद्दा काही तोंडातून निघेना. शेवटी गुरुजीच म्हणाले, "मंडळ विसर्जित करून राहिले ना तुम्ही? मला समजलं सगळं. बरोबर आहे. आपणच तेव्हा गाढवपणा केला." मग त्यांनी मला ती चौकट खाली काढायला लावली आणि आपल्या पत्नीला, माईंना, कपाटातून पैसे आणायला सांगितलं.

"गुरुजी, तुमच्याकडून नको," बाबा म्हणाले.

"का? मी काय अजून मेलो नाही. एका वर्षाचे घे. अन् पावती दे. फुकटचं मला नको."

बाबांनी नव्या मंडळाची पहिली पावती गुरुजींच्या नावाने लिहिली. बाहेर आल्यावर ते भिंतीला हात टेकून रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते, आणि घरी येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.

होळीच्या आधीच गुरुजी गेले.

वर्ष उलटलं. वर्गणीच्या रविवारी सगळे जमले होते, तेवढ्यात दारात माई. पदराच्या गाठीत पैसे बांधलेले.

"त्यांनी सांगून ठेवलं होतं, दर वर्षी द्यायचे म्हणे."

बाबा चाचरले. "माई, पण गुरुजी तर आता..."

"ते नाहीत. मी तर आहे ना!"

कुणीतरी हळूच म्हणालं, की सदस्य फक्त विज्ञान-गणिताचे शिक्षकच होऊ शकतात. बाबांनी तिकडे नुसतं पाहिलं आणि माईंच्या नावाने पावती फाडली. मग आमच्या माठातल्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. माई एक डोळा हाताने झाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हेच पाह्यला येत होते काय ते दर रविवारी?"

"हो, माई."

"मला तर कधी दाखवलं नाही त्यांनी."

बाबा मान खाली घालून उभे राहिले. हा सूक्ष्मदर्शक त्यांनी गावोगाव नेला होता, पण चार पावलांवरच्या स्वयंपाकघरात तो कधी पोचला नव्हता.

आईने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि ती माईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "माझीही पावती फाडा."