मधल्या माथ्यावरचं उत्तर

दुरुस्तीवालीला नवं काही शिवता येत नव्हतं असं नाही, पण गल्लीनं तिला ते कधी करूच दिलं नाही. नवे कपडे लोक मोठ्या दुकानातून आणत आणि तिच्याकडे यायचे ते रडगाणं घेऊन. कंबर आवळतेय, बाही लांब झाली, चेन अडकली. वर्षानुवर्षं ती दुसऱ्यांच्या सुटलेल्या पोटांना जागा करून देत आली होती, आणि तेही तोंड मिटून, कारण पोट सुटलंय हे कुणाला ऐकायला आवडत नाही. कापड आटलं, असं म्हणायचं. लोकांच्या बाबतीत बाई इतकी शहाणी. स्वतःच्या बाबतीत मात्र तिनं ते शहाणपण कुठं गहाण टाकलं होतं, देव जाणे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन, इस्त्रीचं टेबल, रिळांची फळी आणि मागं पडदा. पडद्यामागं आईचा पलंग. आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती आणि दोन महिन्यांपूर्वी गेली. तिचं सगळं लेकीनं एकटीनं केलं. भाऊ फोनवरून काळजी करायचा.

आई पडायच्या आधी महिन्यातून एका रविवारी ती डोंगरावर जायची. गल्लीतलीच सातआठ जणं, म्होरक्या निवृत्त पोस्टमन. पहाटेच्या बसनं पायथ्याच्या गावी उतरायचं, गवताचे तीन माथे पायाखाली घालायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत. या मंडळींचा एक नियम होता, डोंगरावरचं डोंगरावर. वर जे बोललं जाईल ते खाली गल्लीत कुणी काढायचं नाही. एकदा एका सुनेनं पहिल्या माथ्यावर सासूबद्दल मन मोकळं केलं आणि ती घरी पोचायच्या आत ते सासूला कळलं होतं, तेव्हापासूनचा हा कायदा. "बंद पाकीट समजा," पोस्टमन म्हणायचा. सगळे पाळायचे. दोघं जण जरा जास्तच पाळायचे.

एक ती. दुसरा लिफ्टवाला. हा दिवसभर उंच इमारतींच्या लिफ्टचे दोर तपासत, ग्रीसनं हात काळे करत असायचा. "आठवडाभर वर-खाली करतोस, रविवारी तरी सपाटीवर थांब की," असं पोस्टमन त्याला चिडवायचा. बायको वारून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पावणेदोन वर्षांपूर्वी मधल्या माथ्यावर, बाकीची मंडळी पुढं गेलेली असताना, त्यानं तिला विचारलं होतं, "आपण दोघांनी एकत्र राहायचं का? म्हणजे, लग्न करून." आणि लगेच बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधलेलीच होती.

"पुढच्या खेपेला इथंच सांगते," ती म्हणाली.

उत्तर तिचं तेव्हाच ठरलं होतं. पण आपली कुणी वाट पाहतंय, हे सुख तिला जन्मात पहिल्यांदा मिळत होतं आणि ते तिला महिनाभर जवळ ठेवायचं होतं. माणसानं स्वतःचा एवढाही लाड करू नये का? करू नये, असंच दिसतं. पुढच्या खेपेला चार दिवस राहिले असताना आई बाथरूममध्ये पडली.

आज ती पुन्हा निघाली होती. आज मधल्या माथ्यावर पोचलं की सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

कुंपणाचं फाटक ओलांडलं आणि चढ लागला. पावणेदोन वर्षांत पाय विसरले होते सगळं. गुडघ्याएवढं पिवळं गवत वाऱ्यानं एका अंगावर झोपलेलं, त्यातून पायवाट सरळ वर. ती धापा टाकत होती. लिफ्टवाला तिच्या मागं चार पावलांवर चालत होता, पाण्याची बाटली पुढं करत होता, पण नजरेला नजर देत नव्हता. लाजतोय, असं तिला वाटलं. या वयात गडी लाजतोय म्हणून तिला मनातल्या मनात हसूही आलं. पहिल्या माथ्यावर मंडळी डबे उघडून बसली, तेव्हा तिनं आपला डबा पिशवीतून काढलाच नाही.

मधल्या माथ्यावर ती मुद्दाम रेंगाळली. तोही थांबला. बाकीचे खिंडीकडे उतरून गेले. वर दोघंच, आणि खाली लांबवर चरणारी मेंढरं.

"मी आधी बोलू?" तो म्हणाला.

ती हसली. "बोला."

"पुढच्या महिन्यात लग्न करतोय मी."

तिला आधी कळलंच नाही. तो सांगत राहिला. एका इमारतीत पाळणाघर चालवणारी बाई, नवरा गेलेला, तिला सहा वर्षांची मुलगी. "खाली दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हटलं. तुम्ही त्या वेळी काही बोलला नाहीत, ते मी समजून घेतलं. राग नाही माझा."

"काय समजून घेतलंत?"

"नाही म्हणून."

ती गवतावर बसली. "मी आज हो म्हणायला आले होते," ती म्हणाली.

लिफ्टवाल्याचा आवाज चढला, जो कधी चढत नसे. "मग दुकानात का नाही बोललात? दर आठवड्याला येत होतो मी. चांगल्या जाकिटाची चेन स्वतःच्या हातानं उपटून आणायचो."

"माहीत होतं. उपटलेली चेन वेगळी दिसते."

"मग?"

"पडद्यामागं आई होती. तिला सगळं ऐकू जायचं. तिच्या कानावर मी काय घालू? की माझं ठरलंय, आता तू कधी सुटतेस एवढीच वाट बघतेय?" ती गवताच्या काड्या उपटत होती. "आणि डोंगरावरचं डोंगरावर. मला वाटलं, तुम्हीही म्हणूनच काही काढत नाही. मला वाटलं, तुम्ही थांबलाय."

"मी थांबलोच होतो," तो म्हणाला. "एक वर्ष थांबलो. मग वाटलं, ही बाई माझ्याकडून चेनचे पैसेसुद्धा गिऱ्हाइकासारखे घेते."

हे मात्र खरं होतं. पैसे घेतले नसते तर पडद्यामागून आईनं विचारलं असतं, कोण आलं होतं.

तो तिच्या शेजारी बसला. कपाळावर दोन्ही हात दाबून म्हणाला, "अजून महिना आहे. मी जाऊन सांगतो तिला."

दुरुस्तीवालीच्या तोंडाशी शब्द आला होता. सांगा, एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं निस्तरलं, आता एकदा कुणीतरी माझ्यासाठी काही मोडावं, असं तिला फार वाटलं. पण तिनं विचारलं, "मुलगी तुम्हाला काय म्हणते?"

"बाबा म्हणते," त्यानं सांगितलं. "मी शिकवलं नाही. तिचं तिनंच सुरू केलं."

"मग काही सांगू नका कुणाला."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मला दुकान आहे." तिनं हातातल्या काड्या टाकून दिल्या. "फक्त जाकीट आता दुसरीकडे टाकत जा. माझ्याकडे आणू नका. मला ते जमायचं नाही."

खिंडीतून पोस्टमनची शिट्टी आली. तिनं लिफ्टवाल्याला पुढं पाठवलं, गुडघा दुखतोय म्हणून सांगा, मी इथूनच माघारी फिरते. तो दिसेनासा झाल्यावर ती रडली. आई गेली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. घरात पाहुणे होते, त्यांचा चहा बघायचा होता. इथं कुणी नव्हतं. ती मोठ्यानं, लहान पोरासारखी रडली, आणि स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली म्हणून गप्प झाली. तिसरा माथा समोर उन्हात लखलखत होता. त्यावरून रांगेत जाणारी माणसं तिला दिसत होती. त्यातला तो कुठला हे तिला इतक्या लांबूनही ओळखू येत होतं, आणि आपल्याला ते ओळखू येतं याचाच तिला राग आला.

ती एकटीच खाली उतरली आणि पायथ्याच्या फाट्यावर दगडावर बसून राहिली. मंडळी आली. पोस्टमननं गुडघ्याला तेल लाव म्हणून सांगितलं. ती बरं म्हणाली.

बस आली तेव्हा लिफ्टवाला सगळ्यांत आधी चढला. त्यानं पुढची दोघांची जागा धरली होती. स्वतः कडेला बसून खिडकीशी आपली पिशवी ठेवली होती. ती त्याच्या अंगावरून मागं गेली आणि शेवटच्या बाकावर पोस्टमनशेजारी बसली. लिफ्टवाल्यानं वळून पाहिलं नाही.

बस भरत गेली. वाटेतल्या एका थांब्यावर टोपली घेतलेली म्हातारी चढली आणि त्याच्या शेजारची पिशवी बघून म्हणाली, "उचल की रे बाबा, बसू दे मला."

तो उठला आणि म्हातारीला त्यानं आपली स्वतःची जागा दिली. "इथं बसा, आजी," तो म्हणाला. "खिडकीशी कुणीतरी यायचंय."

आपला थांबा येईपर्यंत तो दांड्याला धरून उभा होता, आणि ती मागच्या बाकावरून त्याच्या पाठीकडे बघत होती.