फोटोखालच्या दोन ओळी

मलावीतल्या एका खेड्यात एड्समुळे आईवडील गमावलेल्या मुलामुलींसाठी गावातल्याच एक बाई वर्ग चालवतात. काही मुलं स्वतःही एचआयव्हीची औषधं घेतात. सिंगापूरमधला आमचा मराठी मंडळींचा छोटा गट त्या वर्गाला मदत करतो. दर शनिवारी दुपारी, तिथे सकाळ असते तेव्हा, मी व्हिडिओ कॉलवर गणित शिकवते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला कुणी शिकवायला सांगितलं, याचंच अप्रूप होतं.

मदतीसाठी इंग्रजीत पत्रक काढायचं ठरलं आणि मजकूर माझ्याकडे आला. त्यात वर्गातल्या सतरा वर्षांच्या एका मुलीचा फोटो होता. ती महिन्यातून एकदा गैरहजर असायची. मी रागावू नये म्हणून बाईंनी मला कारण सांगितलं होतं: आजार जन्मापासूनचा, ती औषधं आणायला जाते. तेच मी फोटोखाली दोन ओळींत लिहिलं. नाव बदललं, फोटो मात्र तिचाच ठेवला. स्कॉलरशिपच्या अर्जात मीही घरची सगळी परिस्थिती लिहिली होती. खरं लिहिलं की मदत मिळते, एवढंच मला ठाऊक होतं.

पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. मी ते हौसेने बाईंनाही पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला.

"आजी गेल्यापासून ती मावशीकडे राहते. मावशीला यातलं काही माहीत नाही. गोळ्यासुद्धा माझ्याकडे ठेवते ती. कळलं तर मावशी घरात ठेवील की नाही, या धास्तीत असते."

गट चालवणाऱ्या ताई बँकेत आहेत, बुकित पंजांगला राहतात. मी थेट त्यांच्या फ्लॅटवर गेले. "ग्रुपवर लिहू का, सगळ्यांनी डिलीट करा म्हणून?"

"म्हणजे ज्यांनी उघडलं नाही, तेही आधी उघडून बघतील. एकेकाला फोन कर."

चार दिवस मी लेक्चर संपलं की फोन करत होते. तेच वाक्य, तीच माफी. बोलून बोलून घसा बसला.

"कुठलं पत्रक? अगं, मी त्या ग्रुपवरचं काही वाचतच नाही," एक काका हसून म्हणाले. त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

एक काकू म्हणाल्या, "इतकं छान लिहिलंयस, डिलीट कशाला? मी तर पुण्याला बहिणीलाही पाठवलं."

आंग मो किओ भागात काम करणारे एक दादा म्हणाले, "आमच्या टीममध्ये मलावीचाच एक जण आहे. त्याला पाठवलं होतं गं. त्याने तिकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं म्हणे."

शनिवारी बाईंनी त्या मुलीला एकटीला फोनसमोर बसवलं. मी झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली.

"आमच्या गावात आलंय?"

"माहीत नाही. येऊ शकतं."

तिने बाईंकडे पाहिलं. "मग आज मीच मावशीला सांगते. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको." मग मला म्हणाली, "आज गणित नको, टीचर."

पुढच्या शनिवारी ती वर्गात होती, कॅमेऱ्यापासून लांब, भिंतीकडे. मावशी काय म्हणाली, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. बाईंनी तिची वही कॅमेऱ्यासमोर धरली. मी गणितं तपासली.