कोरड्या टबातले आप्पा

आमच्या शेजारचे आप्पा परसात गरम पाण्याचा टब बसवणार म्हणाले, तेव्हा मला हसूच आलं. या वयात ही कसली हौस! तरी निवडायला मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो.

विक्रेता रंगीत दिवे दाखवत होता, गाणी लावून दाखवत होता. आप्पांनी मात्र चपला काढल्या आणि ते एका कोरड्या टबात उतरले. उतरताना डावा पाय त्यांनी काठीसारखा ताठ ठेवला होता. बाहेर आले, तसेच दुसऱ्या टबात शिरले, मग तिसऱ्यात.

"आप्पा, पायाला काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"मला काही नाही रे. तुझ्या काकूचा गुडघा वाकत नाही ना. तिला कुठे अडेल, ते बघतोय."

दुसऱ्याचं दुखणं आपण फार तर विचारतो. आप्पांनी ते स्वतःच्या पायात घालून पाहिलं होतं.

रुंद पायरीचा, साधाच टब घरी आला. काकू कुणाचाही हात न धरता उतरल्या, गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आता अर्धा तास मला हाक मारू नका."

आप्पांचा चेहरा फुलला होता.