उतारावर न्यूटरल

अकोल्यात घाट शिकवायचा तर कुठे शिकवणार? आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेच्या रुळांवरचा उड्डाणपूल. बाकी सगळी काळी, सपाट जमीन. म्हणून नवीन ट्रक-ड्रायव्हरांना मी आधी त्या पुलावर नेतो, मागे सरकीच्या ढेपेची पोती भरून. मध्येच थांबवतो आणि पुन्हा गाडी उचलायला लावतो. गाडी जराशी मागे सरकली की त्यांच्या कपाळावर घाम येतो. घाम आला म्हणजे वजन कळलं.

मग सांगतो, ज्या गिअरात घाट चढला त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर पाय देऊन बसायचं नाही, ब्रेक तापला की धरत नाही. इंजिनानंच गाडीला आवरायचं. न्यूटरल तर उतारावर कधीच नाही. इथे मी आठ वर्षं एक गोष्ट सांगत आलो. "माझा एक चेला होता. शिकवलं तरी ऐकलं नाही. मेळघाटात भरल्या गाडीत न्यूटरल टाकली, पायानं कायमचा अधू झाला."

ती गोष्ट खोटी आहे. पायाचं तेवढं खरं.

तो नांदगाव खंडेश्वरकडचा, तिशी ओलांडलेला, लेकराबाळांचा माणूस. ट्रॅक्टरवर हात बसलेला. आमच्या ट्रकच्या मालकांनी त्याला माझ्याकडे घाट शिकायला दिला. आम्हा लोकांत एक रीत आहे. पहिल्या घाटाच्या पायथ्याशी चेला नारळ फोडतो, स्टिअरिंगच्या आणि मग उस्तादाच्या पाया पडतो. त्यानंतर उस्तादाविरुद्ध बाहेर शब्द काढायचा नाही. परतवाड्याच्या पुढे त्यानंही नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा मला देत म्हणाला, "उस्ताद, आमच्या वावरात उंच म्हणजे फक्त धुऱ्याचा बांध. चुकलो तं हासू नोका."

गाडीत चांदूर बाजारची संत्री होती, तणसाच्या थरांत मोकळी भरलेली. थंडीची सकाळ, धुकं इतकं की साग दिसण्याआधी त्याच्या पानांवरचं दव टपकलेलं ऐकू यायचं. चढ त्यानं सुंदर काढला. घाई नाही, गिअरची ओढाताण नाही. माथ्यावर आलो तेव्हा आम्ही दोघंच जगात उरलोत असं वाटत होतं.

आता जे लिहितो ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

लोक डिझेल वाचवायला न्यूटरल टाकतात. मला डिझेलचं काही नव्हतं. मला तो आवाज बंद होणं आवडायचं. वर्षानुवर्षं इंजिन कानात घरघरत असतं, जेवताना, झोपताना सुद्धा. न्यूटरल टाकली की ते पार लांब जातं, शेजारच्या घरात कुणी बोलावं तसं. मग टायरखालची ओली पानं ऐकू येतात. एखादा पक्षी. मागच्या मालाचा वास हळूच पुढे येतो. स्वप्नात आपण पाय न हलवता उडतो ना, तसं. एकटा असताना मी त्या उतारावर हे कितीदा केलं होतं, कधी काही झालं नाही. त्या दिवशी ते कुणाला तरी दाखवावंसं वाटलं.

"न्यूटरल टाक," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमीच तं सांगतलं, चढाचाच गिअर ठेवाचा म्हणून."

"मी आहे ना बाजूला. बघ तर खरं, कशी पोहते."

"पोहाले ते काय म्हैस हाये, उस्ताद?" असं म्हणाला, पण टाकली.

दोन वळणं आम्ही खरंच पोहत गेलो. धुकं काचेवरून सरकत होतं. तोही हसला होता, हे मला पक्कं आठवतं. मग धुकं एकदम फाटलं आणि समोर लांब, सरळ उतार दिसला. त्यानं ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. संत्र्यांच्या वासात जळका वास मिसळला.

"उस्ताद, धरून नाही राहिला!"

"गिअर टाक!" मी ओरडलो. गिअर नुसता करकरला, पडेना. डावीकडे, माझ्या बाजूला, दरी होती. उजवीकडे, त्याच्या बाजूला, डोंगर. त्यानं स्टिअरिंग उजवीकडे ओढलं.

घासत, घासत गाडी थांबली. पुन्हा शांत झालं. एकेक संत्रं रस्त्यावर टपटपत होतं. मला ओरखडाही नव्हता. त्याचा उजवा पाय पत्र्यात अडकला होता.

दवाखान्यात मालकांनी विचारलं, "न्यूटरल कोणी टाकली?"

मी म्हणालो, "गाडी त्याच्या हातात होती."

तो खाटेवरून माझ्याकडे पाहत होता. "माह्याच हातून झालं," म्हणाला.

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. त्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही. तो त्याच्या गावाजवळच्या वजनकाट्यावर पावत्या लिहायला बसला आणि मी तो काटा टाळून गाड्या वळवू लागलो.

या हिवाळ्यात पुलावर गोष्ट सांगत होतो, तर एका नव्या ड्रायव्हरनं विचारलं, "उस्ताद, तवा तुमी कुठं होते?"

"बाजूला."

"मंग टाकू काहून देल्ली?"

"झोपले असतीन," दुसरा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच दुपारी मोटारसायकल काढून काट्यावर गेलो.

त्यानं खुर्ची पुढे सरकवली. मी उभ्यानंच सांगितलं, तुझ्या नावावर काय काय खपवलं ते.

"माहीत हाये," तो म्हणाला. "डायवर लोक काट्यावर येतात अन् मलेच सांगतात, मेळघाटात एक येडा होता म्हणून. मी बी म्हणतो, असन."

"मालकांना सांगतो मी आता."

"मालकाचं राहू द्या. घरी चला, बायकोले सांगा. भांडण कशाचं बी असो, गाडी तिची न्यूटरलवरच येते."

ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. मी सांगत असताना तिचे हात चालूच होते. मग थांबले.

"तुमी सांगतलं टाकाले?"

"हो."

ती माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलली. "अन् तुमी माह्या शिव्या काहून खाल्ल्या इतके वर्षं?"

"उस्तादाचं नाव कसं घ्याचं?"

"त्याहीचं नाव राखलं, अन् माह्यं तोंड खराब केलं." मग ती माझ्याकडे वळली. "तुमाले बसा म्हणणार नाही मी. ज्याले ज्याले हे खोटं सांगतलं त्याले त्याले खरं सांगा. मंग या, चहा ठेवतो."

माझ्या हाताखालून गेलेले ड्रायव्हर आज कुठल्या कुठल्या घाटांत आहेत. काहींचे नंबर आहेत, त्यांना रोज एकदोन फोन करतो. कुणी फोन ठेवून देतं, कुणी म्हणतं, जाऊ द्या उस्ताद. बाकीच्यांचा पत्ता नाही. त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. तो येडा नव्हता. त्याला न्यूटरल टाकायला मी लावली, आणि दरीची बाजू माझी होती म्हणून त्यानं डोंगर स्वतःवर घेतला.